नव्या तळ्यासाठी आणलेल्या कोळंबीबीजाची पारख

कोकणच्या खाडीकाठी खाजणात कोळंबी धरण्याची रीत जुनी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून आत येईल ते बीज आणि ओहोटीच्या वेळी तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडेल ते पीक, असा तो व्यवहार होता. बीज निवडण्याचा प्रश्न त्यात येत नसे, कारण ते समुद्राने धाडलेले असे व त्यास दाम पडत नसे. आज पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जे शेतकरी खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्याची तळी बांधून कोळंबीसंवर्धनाकडे वळले आहेत, त्यांची स्थिती निराळी आहे. त्यांना बीज विकत घ्यावे लागते, आणि ते बहुधा आंध्र प्रदेश व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील बीजकेंद्रांतून लांबचा प्रवास करून येते. भाताचे बियाणे मुठीत घेऊन जोखणाऱ्या शेतकऱ्यास हे बोटाच्या पेराहून लहान, काचेसारखे पारदर्शक बीज कसे पाहावे हे प्रथम उमगत नाही. पिशवीत वळवळ दिसली की तो समाधान मानतो व पिशव्या तळ्यात रिकाम्या करतो.

येथेच नुकसानीचा आरंभ होतो. चौरस मीटरला ३० पिले या हिशेबाने एक एकराच्या, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटरच्या तळ्यात १,२०,००० पिले सोडावी लागतात. एकदा सोडल्यावर ती परत काढता येत नाहीत आणि तळ्याच्या गढूळ पाण्यात दिसतही नाहीत. त्यांतील किती जगली, किती वाढत आहेत, याचा अंदाज तीन-चार आठवड्यांनी खाद्याच्या ताटलीवरून व फेकजाळ्यावरून येतो. तोवर खाद्य, वीज, चुना व मजुरी यांवर खर्च होऊन गेलेला असतो. बीजाची किंमत ही एकूण खर्चाचा लहानसा भाग आहे. परंतु बाकीचा सगळा खर्च त्या लहानशा भागावर उभा असतो. सबब, ही पारख शेतकऱ्याने स्वतः कशी करावी व ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी त्यास कोणते साहाय्य द्यावे, हे येथे सांगितले आहे.

डोळ्यांस दिसणारे व न दिसणारे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बीजाचे दोष दोन जातींचे असतात. अशक्तपणा, उपासमार, प्रवासाचा शीण, जखमा, अंगावर चढलेली बुरशीसारखी लव हे दोष नीट पाहिल्यास डोळ्यांस किंवा भिंगातून दिसतात. काही रोगांचे जंतू मात्र पिलाच्या अंगी असूनही त्याच्या चालचलणुकीत कोणताच फरक दाखवीत नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा असाच आहे. १९९४-९५ साली पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीच्या तळ्यांत हा विषाणूजन्य रोग पसरला व पुष्कळ शेतकरी बुडाले. दूषित पिले सोडताना चपळ दिसतात. पुढे महिना-दोन महिन्यांत, पाणी अकस्मात थंड झाले वा क्षारता उतरली की रोग उफाळतो आणि तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे होते. त्यावर औषध नाही. ई.एच.पी. या नावाने ओळखला जाणारा सूक्ष्म परजीवी तर कोळंबीस सहसा मारीतही नाही. तो तिच्या यकृतपिंडात राहून वाढ खुंटवितो. शेतकरी खाद्य घालीत राहतो व कोळंबी आहे तेवढीच राहते.

तेव्हा प्रयोगशाळेची पी.सी.आर. तपासणी आणि शेतकऱ्याची स्वतःची पाहणी या दोन्ही आवश्यक आहेत. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. तपासणीचा दाखला चांगला असलेले बीज प्रवासात गुदमरून निकामी झालेले असू शकते, आणि परातीत उत्तम पोहणारे बीज दूषित असू शकते. काही विक्रेते दाखला पुढे करून पाहणी टाळतात. त्यांचे म्हणणे ऐकू नये.

दाखला कसा वाचावा, हेही शिकण्यासारखे आहे. त्यावर तारीख, टाकीचा क्रमांक आणि तपासलेल्या पिलांची संख्या असली पाहिजे. आपले बीज ज्या टाकीतून भरले जाणार, तोच क्रमांक दाखल्यावर आहे की नाही हे पाहावे. संख्येचे महत्त्व तर विशेष आहे. समजा, एखाद्या टाकीत शंभरांमागे २ पिले दूषित आहेत. तेथून १० पिले उचलून तपासली, तर त्यांत एकही दूषित पिलू न सापडण्याचा संभव शंभरात सुमारे ८२ इतका असतो. म्हणजे टाकी दूषित असूनही बहुतेक वेळा दाखला निर्दोषच मिळेल. १५० पिले निरनिराळ्या जागांहून उचलली, तर अशी फसगत होण्याचा संभव शंभरात ५ हून कमी होतो. १५० हा आकडा प्रचारात आला तो याच गणितामुळे. दहा पिलांच्या दाखल्यास या रोगापुरते फारसे मोल देऊ नये.

‘विशिष्ट रोगजंतुमुक्त’ या शब्दांविषयीही गैरसमज आढळतो. २००९ सालापासून आपल्या देशात व्हेनामाय ही पॅसिफिक महासागराच्या अमेरिकन किनाऱ्यावरील पांढरी कोळंबी व्यापारी तत्त्वावर पाळण्यास परवानगी मिळाली. तिची जनक कोळंबी ठराविक रोगांपासून मुक्त असल्याची खात्री करून आणली जाते. याचा अर्थ तिच्या पिलांना ते रोग होतच नाहीत असा नव्हे. मुक्त असणे वेगळे आणि प्रतिकार करणे वेगळे. बीजकेंद्रातील पाण्यातून, खाद्यातून किंवा आपल्याच तळ्यातील खेकड्यांपासून त्यांना लागण होऊ शकते.

बीजकेंद्रावरील पाहणी

शक्य असल्यास शेतकऱ्याने, निदान चार-पाच शेतकऱ्यांच्या गटातील एकाने, बीज भरण्यापूर्वी केंद्रावर जावे. केंद्र तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदलेले असावे. अंड्यातून बाहेर पडल्यावर कोळंबीचा जीव तीन अवस्थांतून जातो व मग त्यास कोळंबीचे रूप येते. त्या दिवसापासून वय मोजतात आणि दहा दिवसांच्या पिलास पी.एल. १०, बारा दिवसांच्या पिलास पी.एल. १२ असे म्हणतात. तळ्यात सोडण्यासाठी पी.एल. १० ते १२ याहून लहान बीज घेऊ नये. याचे कारण वजन-लांबी एवढेच नाही. या सुमारास पिलांचे कल्ले पुरे तयार होतात, आणि पाण्याच्या क्षारतेतील बदल सोसण्याची शक्ती कल्ल्यांवर अवलंबून असते. तळ्याचे पाणी फार गोडे असेल, तर आणखी काही दिवस थांबून मोठे बीज घ्यावे. वय सांगण्यात लबाडी होऊ शकते. यावर उपाय भिंगाचा. डोक्याच्या पुढे जो करवतीसारखा काटा असतो, त्याच्या वरच्या कडेस व्हेनामायच्या पिलात निदान चार दाते मोजता आले पाहिजेत. दाते कमी असतील तर पिलू सांगितले त्याहून लहान आहे असे समजावे.

टाकीच्या वरच्या, मधल्या व तळच्या पाण्यातून पिले घ्यावीत. वरच्या थरात सशक्त पिलेच अधिक सापडतात, म्हणून केवळ तेथील नमुना घेतल्यास अंदाज चुकतो. पन्नास पिले पांढऱ्या बशीत, खाली आलेखाचा कागद ठेवून पाहिल्यास लांबी समजते. सारी साधारण एका मापाची असावीत. एकाच वयाच्या टाकीत काही पिले दुपटीने मोठी व काही अगदी खुजी असतील तर तेथे खाद्य नीट मिळालेले नाही किंवा दोन टाक्यांचे बीज मिसळले आहे. पुढे मोठी पिले लहानांना खातात, हे वेगळेच.

केंद्रावर आणखी एक कसोटी घेता येते. १०० पिले मोजून, टाकीच्या पाण्यापेक्षा निम्म्या क्षारतेच्या पाण्यात एकदम सोडावीत व दोन तास ठेवावीत. उत्तम बीजातील ९५ हून अधिक पिले या धक्क्यातून वाचतात. ही कसोटी बीज भरण्यापूर्वीच घ्यावयाची असते. प्रवास करून आलेल्या पिलांवर ती लादणे म्हणजे दमलेल्या बैलाला शर्यतीत जुंपणे होय.

तळ्याच्या पाण्याची क्षारता बीजकेंद्रास आठवडाभर आधी कळविण्यास विसरू नये. टाकीतील पाणी हळूहळू तळ्याच्या क्षारतेजवळ आणण्यास त्यांना अवधी मिळतो, आणि शेतकऱ्याच्या बांधावरील अर्धे काम तेथेच होते. हे काम एका फोनचे आहे. तरी तेच पुष्कळदा राहून जाते.

पिशव्या आल्यावर

बीज दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्यांत, सुमारे एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू भरून, बर्फाच्या साहाय्याने पाणी थंड ठेवून पाठवितात. थंडीमुळे पिले संथ होतात व प्राणवायू कमी वापरतात. म्हणून पिशवी उघडताच पिले सुस्त दिसली, तळाशी बसून राहिली किंवा रिकाम्या आतड्याची दिसली, तर तेवढ्यावरून ती रोगी ठरवू नयेत. तसेच चार पिले उसळताना पाहून ती निरोगीही ठरवू नयेत. या घटकेला थकलेले बीज आणि रोगी बीज सारखेच दिसते. त्यांतील भेद वेळ दाखवितो: थकलेल्यास चांगले पाणी, थोडी ऊब व थोडे खाद्य मिळाले की ते तासा-दोन तासांत सावरते, रोगी किंवा गुदमरलेले बीज सावरत नाही, उलट खालावते. पिले तळ्याच्या पाण्यास सरावावीत म्हणून जे दोन-तीन तास द्यावेच लागतात, तेच पारखीसाठी वापरावेत. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सर्व पिशव्या प्रथम न उघडता तळ्याच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवाव्यात. आतील व बाहेरील पाण्याच्या तापमानातील फरक यामुळे सावकाश भरून येतो. दुपारच्या उन्हात हे करू नये. पहाट किंवा सूर्यास्तानंतरचा वेळ योग्य. पिशवी आल्याबरोबर फोडून त्यात जोराने हवा सोडण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ती घातक आहे. प्रवासात पिलांच्या श्वासोच्छ्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो व पाण्याचा सामू उतरतो. त्याच पाण्यात पिलांच्या विष्ठेचा अमोनियाही साठलेला असतो. परंतु सामू कमी असल्यामुळे तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडून हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. जी पिले रात्रभर जगली ती बांधावर अर्ध्या तासात मरतात, व दोष बीजकेंद्राच्या माथी येतो. म्हणून पिशवी उघडल्यावर लगेच तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून आतील पाणी विरळ करीत जावे. क्षारतेचा फरक असेल तर तासाला दर हजारी ३ भागांहून अधिक बदल होऊ देऊ नये. फरक मोठा असेल तर पिले मोठ्या टाकीत काढून हे काम करावे लागते आणि त्यास अधिक तास लागतात. क्षारता जिभेने ओळखण्याची रीत सोडून द्यावी. गटात मिळून एक क्षारतामापक घेतला तर तो वर्षानुवर्षे पुरतो.

आता पारख. तीन-चार निरनिराळ्या पेट्यांतील पिशव्यांमधून मिळून सुमारे २०० पिले पांढऱ्या, गोल, उथळ परातीत किंवा घमेल्यात त्याच पिशवीच्या विरळ केलेल्या पाण्यासह घ्यावीत. पाणी स्थिर होऊ द्यावे व हाताने एकदा गोल ढवळून सोडून द्यावे. निरोगी पिलू प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पोहते, किंवा परातीच्या कडेकडे जाऊन तळास पाय रोवून बसते. अशक्त पिले प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पाणी थांबता थांबता मध्यभागी कचऱ्यासारखी गोळा होतात. ती मोजावीत. २०० मध्ये १० पर्यंत मध्यभागी सापडली तर चिंतेचे कारण नाही. त्याहून बरीच अधिक असतील तर तासाभराने पुन्हा ढवळून मोजावीत. पहिल्या वेळी ३० व दुसऱ्या वेळी ८ असा आकडा आला, तर तो प्रवासाचा शीण होता. ३० चे ४५ झाले तर ते बीज तळ्यात सोडण्यायोग्य नाही. एका मोजणीवरून निकाल देऊ नये. आकडा कोणत्या दिशेला चालला आहे हे पाहावे. परातीच्या कडेवर बोटाने टिचकी मारली असता पिले झटकन उडाली पाहिजेत, हीही एक जुजबी खूण आहे.

या दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात पिलांना थोडे बारीक खाद्य किंवा आर्टेमियाची पिले टाकावीत व मग भिंगाने आतडे पाहावे. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीलगत जी काळसर किंवा तांबूस रेघ दिसते तेच आतडे. प्रवासात ते रिकामे होणे साहजिक आहे. परंतु खाद्य पुढे येऊनही तासाभरात ती रेघ भरली नाही, तर पिलू खात नाही, आणि न खाणारे पिलू आजारी समजावे. भिंगातून पाहताना शेपटीजवळच्या शेवटच्या खंडाकडेही लक्ष द्यावे. तेथे मांसाची जाडी आतड्याच्या सुमारे चौपट असेल तर पिलू पोसलेले आहे. मांस स्वच्छ, आरपार दिसणारे असावे. ते दुधाळ, पांढुरके झालेले दिसले तर प्राणवायू कमी पडल्याचे किंवा रोगाचे चिन्ह असते. थोडीशी पांढुरकी झालेली पिले कधी कधी सावरतात. बरीच तशी असतील तर आशा धरू नये. पायांवर कापसासारखी लव असेल तर टाकीचे पाणी गलिच्छ होते व पिलांनी कात नीट टाकलेली नाही. मोडके पाय, काळे डाग, वळलेली शेपटी, अंग व पाय लालसर होणे या खुणा दोन-चार पिलांत सापडल्यास दुर्लक्ष करावे, दर दहांत एक सापडल्यास करू नये. डोक्यामागील यकृतपिंड गडद व भरलेला असावा. फिका व आक्रसलेला नको.

मेलेल्या पिलांविषयी दोन शब्द. मेलेले पिलू पांढरे पडून पिशवीच्या कोपऱ्यात साचते, म्हणून पिशवी तिरपी करून कोपरे पाहावेत. सगळ्याच पिशव्यांत मृत्यू अधिक असेल तर बीज किंवा भरणी यांत दोष आहे. एखाद-दुसऱ्याच पिशवीत असेल तर बहुधा ती पिशवी गळाली. तेवढी बाजूला काढावी.

नाकारण्याचा प्रसंग

बीज नाकारणे शेतकऱ्यास जड जाते. गाडी दारात उभी असते, तळ्यात पाणी तयार असते, हंगाम पुढे सरकत असतो, आणि आणणारा सांगतो की दोन दिवसांत सगळे ठीक होईल. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या शब्दाला वजन असते. त्याने परातीतील आकडे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तारीख, वेळ, टाकीचा क्रमांक, पिशव्यांची संख्या, दोन पिशव्यांतील प्रत्यक्ष मोजलेली पिले, पहिली व दुसरी मोजणी, इतके पुरते. खरेदीच्या वेळीच ‘पाहणीनंतर स्वीकार’ अशी अट लिहून घेतलेली असेल तर बांधावर वाद होत नाही. हंगाम पंधरा दिवस लांबला तरी तो भरून काढता येतो. दूषित बीज सोडलेल्या तळ्याचे पाणी मात्र खाडीत जाते, आणि त्याच खाडीचे पाणी शेजाऱ्याची उघाडी घेते.

सोडल्यानंतरचे दोन दिवस

बीज स्वीकारून सोडले म्हणजे पारख संपली असे नाही. बारीक जाळीचा, एक मीटर लांब-रुंद असा हापा तळ्यात बांबूंना बांधून त्यात १०० पिले मोजून सोडावीत. दुसरी १०० पिले बांधावर सावलीत, पिशवीतील पाणी स्वच्छ खाऱ्या पाण्याने बदलून पण त्याच क्षारतेवर ठेवलेल्या टबात, हळू हवा चालू ठेवून ठेवावीत. दोन्हींना थोडे खाद्य द्यावे व ४८ तासांनी मोजावे. हाप्यात ९० हून अधिक पिले जिवंत असतील तर उत्तम. हाप्यात पुष्कळ मेली व टबात जगली, तर बीज चांगले होते; तळ्याच्या पाण्यात किंवा ते सरावण्याच्या घाईत दोष आहे. सामू, क्षारता व तळाचा गाळ तपासल्याशिवाय नवे बीज मागवू नये. हाप्यात व टबात दोन्हीकडे मेली, तर दोष बीजाचा. हा टब बहुतेक शेतकरी ठेवीत नाहीत आणि मग बीज वाईट की पाणी वाईट, हा वाद पिढीजात भांडणासारखा चालतो. हाप्याची जाळी शेवाळाने बुजत नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहावे; बुजलेल्या जाळीत चांगले बीजही गुदमरते. या हाप्यातील आकड्यावरूनच पुढील खाद्याचे मान ठरवावे, विकत घेतलेल्या संख्येवरून नव्हे.

नाकारलेले किंवा मेलेले बीज खाडीत, ओढ्यात अथवा बांधाबाहेर कधीही ओतू नये. ते पिशवीतील पाण्यासह एका पिंपात घ्यावे, भरपूर ब्लिचिंग पावडर घालून रात्रभर झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी भरतीरेषेपासून दूर खड्ड्यात चुन्यासह पुरावे. रिकाम्या पिशव्या, पराती, टब व जाळीही ब्लिचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात.